देवापुढचे कागद

नुपूर नाशिकहून आली त्या दिवशी आमच्या दोह्यातल्या अल अझीझियाच्या फ्लॅटमधल्या चपलांच्या स्टँडवर माझ्या चपलांना जागा उरली नाही. तिचे उंच टाचांचे सँडल, पळायला जायचे शूज, ऑफिसचे बूट, घरातल्या मऊ सपाता. मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मीच माझे जोड उचलून दाराबाहेर ठेवले आणि मग दिवसभर त्याचंच वाईट वाटून घेत बसले.

नुपूर माझी धाकटी जाऊ. इंजिनिअर, वर एमबीए. आमच्या सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, नाशिकच्या अंबडला फॅक्टरी आहे. मोठ्या भटारखान्यांना लागणारी यंत्रं तिथे होतात. कणीक मळायचं यंत्र, इडलीचे स्टीमर, भाताच्या डेगी. फॅक्टरी अवधूतभावजी बघतात, माझे दीर, नुपूरचा नवरा. माझे हे मात्र पहिल्यापासून गॅसच्या प्लँटवर इंजिनिअर, म्हणून आम्ही कतारला, दोह्याला.

आणि दोह्यातला आमच्या फॅक्टरीचा धंदा कोण बघत होतं म्हणाल, तर मी. कुणी नेमलं नव्हतं. कोकणातल्या खेडचे हमीदभाई इथे हॉटेलांना आणि मेसना सामान पुरवतात, त्यांच्या लायसनवर आमची यंत्रं यायची. यंत्र बिघडलं की हमीदभाईंचा फोन मला. मी अंबडला लावायची, मिस्त्री काय सांगतो ते ऐकून इकडे सांगायची. एकदा मेसमधल्या आचाऱ्यांची कणीक रोज यंत्राला चिकटत होती, तर मी स्वतः गेले, पदर खोचला, आणि पाणी केव्हा न् कसं घालायचं ते करून दाखवलं. आमच्या हॉलमध्ये उन्हाळाभर तुळस आत आणून ठेवलेली असते, एसीच्या वाऱ्यापासून जरा बाजूला. तिच्या शेजारी कायम एखादी मोटर नाहीतर यंत्राचं पातं कागदात गुंडाळून पडलेलं. पाहुण्यांना वाटायचं, हा कुठला नवा देव.

यंदा मोठं काम मिळालं. समैस्माच्या बाजूला एक सरकारी प्रशिक्षण केंद्र होतंय, त्याचा सगळा भटारखाना. पण सरकारी काम दुसऱ्याच्या लायसनवर करता येत नाही. बाहेरच्या देशातल्या कंपनीने इथे रीतसर आपली शाखा नोंदवायची, मगच कामाला हात लावायचा. त्यासाठी नाशिकहून दोन कागद यायला हवेत. एक कंपनीचा ठराव की आम्ही कतारमध्ये शाखा काढतोय. दुसरं मुखत्यारपत्र की या शाखेची मॅनेजर अमुक अमुक. ते तिकडे नोटरीकडे, मग चेंबरमध्ये, मग दिल्लीला, मग कतारच्या वकिलातीत, असे शिक्के घेत घेत यायचे. इथे आल्यावर आणखी शिक्के, अरबी भाषांतर, आणि मग नोंदणीचा दाखला. मुखत्यारपत्रात ज्याचं नाव, तेच दाखल्यावर. तो दाखला चौकट करून ऑफिसच्या भिंतीवर टांगावा लागतो.

मला वाटलं होतं, माझं नाव येईल.

कुणापाशी बोलले नव्हते. मी फारशी बोलतच नाही. फक्त चातुर्मासाचा नेम धरला तेव्हा संकल्प सोडताना पळीभर पाण्याबरोबर ते हळूच देवाच्या कानावर घातलं होतं. नेम दर वर्षीचाच, की रोज सकाळी आंघोळ झाल्यावर पोथीचा एक अध्याय वाचायचा आणि तो संपेपर्यंत तोंडातून दुसरा शब्द काढायचा नाही. मध्ये बोललं तर अध्याय पुन्हा पहिल्या ओवीपासून. घरात सगळ्यांना माहीत आहे. मी पोथीवर असले की मला कुणी हाक मारत नाही.

नावाचा निर्णय झाला तो फोनवर. यांनी स्पीकर लावला होता, मी ओट्याशी कणीक मळत होते.

"नुपूरला पाठवतो," मामंजी म्हणाले. "तिकडे ऑफिसात इंग्रजी फाडफाड बोलायला माणूस पाहिजे."

"शोभा आहे की इथे," हे म्हणाले. म्हणाले खरे, पण असं म्हणाले की जणू घरात फ्रिज आहे की.

"शोभाचं आपलं देवधर्माचं चाललंय ते बरं आहे रे. तिचा आवाज समोरच्या खुर्चीपर्यंत पोचायचा नाही, तर सरकारी कचेरीत काय पोचणार?"

तिकडे अवधूतभावजी हसले. इकडे हेही हसले. मी कणीक मळत राहिले. त्या दिवशीच्या पोळ्या फार मऊ झाल्या होत्या, सगळ्यांनी सांगितलं.

मग नुपूर आली, कागदांचं पाकीट छातीशी धरून.

तिच्यात वाईट काही नाही, हेच वाईट होतं. आल्या आल्या वाकून नमस्कार केला. माझ्यासाठी पैठणीच्या काठाची पोथी-पिशवी आणली होती, स्वतः शिवून घेतलेली. सकाळी मी उठायच्या आत तिची कॉफी झालेली असायची, यांच्या मगमध्ये. तो मग मी कुणाला देत नाही. हे मात्र म्हणाले, "अगं घेऊ दे, तो मग काय माझ्या नावाचा आहे का?"

आमची राणी चौदाची. इथल्या शाळेत शिकली, मराठी समजतं, पण मी काही विचारलं की उत्तर इंग्रजीतून. "राणी, जेवलीस का?" तर "आय अ‍ॅम नॉट हंग्री, मम्मा." नुपूर आल्यावर तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी कपडे वाळत घालत होते आणि आतून आवाज आला, "काकू, तू ना एकदम भारी आहेस. मला पण केस असेच कापायचेत." शुद्ध मराठी. माझ्या हातातला टॉवेल तसाच राहिला. पोटच्या पोरीकडून मराठीतला एक वाक्यभर लाड मिळावा म्हणून मी वर्षानुवर्षं वाट बघतेय, आणि ही बाई तो नुसत्या आपल्या केसांच्या कटवर घेऊन गेली.

शुक्रवारी हे म्हणाले, "नुपूरला द पर्ल दाखवून आणू." तिथे समुद्राच्या काठावर बसून यांनी आणि नुपूरने कॉफी घेतली. बोटी होत्या, दिवे होते. यांनी तिला प्रत्येक इमारतीचं नाव सांगितलं. मला त्यातली दोन नावं तेव्हाच पहिल्यांदा कळली. मी उपासाची होते, माझ्यापुढे पाण्याची बाटली.

"ताई, तुम्ही नेहमी येत असाल ना इथे?" नुपूरने विचारलं.

"नेहमी," मी म्हटलं.

पण सगळ्यात जास्त लागलं ते हमीदभाईंचं. हमीदभाई आणि त्यांच्या घरातून साजिदाभाभी, फार चांगली माणसं. दर ईदला मला सीलबंद खजुराचा डबा येतो, कारण माझ्या नेमधर्मामुळे मी बाहेरचं शिजवलेलं घेत नाही आणि त्यांनी ते कधी मनावर घेतलं नाही. नुपूर कामाचं बोलायला म्हणून त्यांच्याकडे गेली आणि बिर्याणी जेवून, वर डबा घेऊन आली. दुसऱ्या दिवशी साजिदाभाभींचा मला फोन.

"शोभाभाभी, तुमची जाव काय गोड पोरगी आहे हो! आल्या आल्या किचनमध्ये शिरली. आमच्यातलीच झाली."

"हो ना," मी म्हटलं. "ती सगळ्यांतलीच होते."

भाभी हसल्या. त्यांना वाटलं, मी कौतुक करतेय.

मी देवासमोर बसून स्वतःला पुष्कळ समजावत होते. हात जोडायची, डोळे मिटायची. आणि मिटल्या डोळ्यांपुढे काय यायचं, तर भिंतीवरची चौकट. तिच्यात अरबी अक्षरांत नाव. मला अरबी वाचता येत नाही, तरी ते नाव तिचं आहे हे मला लांबूनसुद्धा कळायचं.

कागद पुढे सरकवायला रहमान होता. सरकारी कचेऱ्यांतून कंपन्यांची कामं करून देणाऱ्या माणसाला इथे मंदूब म्हणतात. रहमान केरळचा, हिंदी त्याची स्वतःची, कुणाच्या व्याकरणाला न जुमानणारी. हमीदभाईंनीच गाठून दिला. तो घरी आला, सरबत प्यायला, मुखत्यारपत्र उलटसुलट करून पाहिलं. नुपूर तेवढ्यात नाशिकच्या फोनवर म्हणून आतल्या खोलीत गेली होती.

"मॅडम, ये पेपर को छोटा बच्चा जैसा रखने का," तो मला म्हणाला. "पीछे ये गोल स्टँप दिखता? एम्बसी का. इसपे पानी नहीं, चाय नहीं, उंगली भी नहीं. थोडा भी खराब हुआ तो काउंटरवाला बोलेगा, यल्ला, वापस इंडिया."

"अच्छा," मी म्हटलं.

"दूसरी मॅडम को भी बोल देना."

मी मान हलवली. कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले, कपाटात ठेवले. नुपूर बाहेर आली तेव्हा तिला सांगायचं होतं. ती म्हणाली, "झालं का ताई? काय म्हणाला?" मी म्हटलं, "सोमवारी येतो म्हणाला कागद न्यायला." तेही खरंच होतं.

सोमवार उजाडला. मी आंघोळ करून पोथीवर बसले. देवघर म्हणजे हॉलच्या कोपऱ्यातलं लाकडी कपाट, समोर पाट, निरांजन, तबकात हळद-कुंकू, अक्षता. हे प्लँटवर गेलेले, राणी शाळेत. अध्याय निम्मा झाला असेल, नुपूर तयार होऊन बाहेर आली. कपाळाला टिकली, अंगात फिका निळा कुर्ता. हातात कागद, पाकिटातून काढलेले.

"ताई, बोलू नका, मला माहीत आहे," ती कुजबुजली. "रहमान खाली पाच मिनिटांत येतोय. मला वाटलं, आपल्याकडे नवीन काही आलं की देवापुढे ठेवतात ना, मग हे पण ठेवूया? फॅक्टरीत नवीन मशीन आलं की मामंजी करतात तसं. चालेल?"

मी वाचता वाचता मान हलवली. चालेल. कागद देवापुढे ठेवण्यात काय वाईट?

ती पाटाशी बसली. कागद ठेवले, नमस्कार केला. मग तिने तबकातली कुंकवाची वाटी जवळ घेतली. पळीने त्यात पाणी घातलं, करंगळीशेजारच्या बोटाने कालवलं. मशीनला लावतात तसं ओलं, ठसठशीत. पाणी जरा जास्तच झालं. तिने मुखत्यारपत्राचं पहिलं पान पाहिलं. तिथे गच्च मजकूर, बोट टेकवायला जागा नाही. पान उलटलं. मागच्या बाजूला तो वकिलातीचा गोल शिक्का. असा गोल, असा नीट मधोमध, की कुंकवासाठीच कुणी आखून ठेवलाय असं वाटावं.

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

मी तिच्याकडेच बघत होते. माझे ओठ हलत होते, ओवी चालू होती. मौन तोंडाचं असतं, हाताचं नसतं. माझा उजवा हात पोथीच्या ओळीवर होता आणि डावा मोकळा, मांडीवर. तिचं मनगट माझ्या गुडघ्यापासून वीतभर लांब. मी पुढची ओवी वाचली.

तिने शिक्क्याच्या बरोबर मध्ये बोट टेकवलं. मग हळदीचं बोट. मग चार अक्षता. ओलं कुंकू कागदात शिरलं आणि शिक्क्याची निळी शाई त्याच्याबरोबर पसरायला लागली. तिला ते दिसलं नाही, ती डोळे मिटून हात जोडून बसली होती. मला दिसलं. खालून रहमानच्या गाडीचा हॉर्न वाजला. तिने अक्षता झटकल्या, कागद पाकिटात सरकवले आणि पळाली.

मी अध्याय पूर्ण केला. एक ओवी सुटली नाही. आरती केली, नैवेद्य दाखवला, आणि कुंकवाची वाटी धुऊन पालथी घातली.

दुपार व्हायच्या आत ती परत आली. एकटी. पाकीट टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसून राहिली. तिचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मी तो जरा जास्त वेळ पाहिला.

"गेलं सगळं, ताई," ती म्हणाली. "काउंटरवरच्या माणसाने कागद उजेडात धरला. रहमानला विचारलं, हे काय, रक्त आहे का? रहमान मला विचारतो, मॅडम, ये क्या किया? मी काय सांगणार? पूजा? त्या माणसाला अरबीत पूजा कशी सांगायची? शिक्का वाचता येत नाही म्हणाला. नवीन आणा."

मी तिला पाणी दिलं. हमीदभाईंना फोन झाले. त्यांनी दोन-तीन ठिकाणी विचारलं, आणि संध्याकाळी स्वतः आले. सोफ्याच्या कडेला बसून कागद बघत होते.

"वयनी, याला इलाज नाय," ते म्हणाले. "खलास. पुन्हा नाशिकपासून. पण मी समैस्मावाल्यांशी बोलतो, थोडे दिवस थांबतील, इन्शाल्ला." मग नुपूरकडे बघून हसले. "पोरी, माझा चुलता पहिला पासपोर्ट आला तेव्हा त्याला अत्तर लावून बसला होता. फोटो पुसला. तू एकटी नाहीस."

ती हसली नाही. हमीदभाई गेल्यावर हे चिडले. चिडले म्हणजे आवाज चढवला नाही, पण चष्मा काढून टेबलावर आपटला.

"एवढं शिकलेली मुलगी! वकिलातीच्या शिक्क्यावर कुंकू? शोभाने केलं असतं तर मी समजू शकलो असतो."

हे ऐकून मला काय वाटावं? मला बरं वाटलं. आणि लगेच त्याच वाक्याचा राग आला.

"दादा, चूक माझीच," नुपूर म्हणाली. "ताई पोथीत होत्या, त्या काय करणार? त्या बघत होत्या म्हणून तर मी निर्धास्त लावलं. मला वाटलं, चुकत असतं तर ताईंनी हात धरला असता."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी भाजीचं पातेलं आत नेलं. ओट्याशी उभी राहिले आणि नळ सोडला, उगाचच.

ती असं का म्हणाली, हे मला आजही ठरवता येत नाही. चेहऱ्यावर काही नव्हतं तिच्या. टोमणा मारणारं माणूस निदान डोळ्यांच्या कडेला थोडंसं दिसतं. ही दिसली नाही.

पुढचे दिवस घर गप्प होतं. राणीने मात्र काकूला मिठी मारून "इट्स ओके, काकू, होतं असं" म्हटलं, अर्धं का होईना मराठीतच. नुपूर पळायला जायची थांबली. माझ्याबरोबर भाजी निवडायला बसायची. मेसमधून फोन आला, स्टीमरची वाफ कोंडते, तर मी बोलत असताना ती समोर बसून ऐकत होती. मी विचारलं, रबर कुठून फाटलंय, झाकण कुठल्या बाजूने बसवता, परवा कुणी धुतलं. फोन ठेवल्यावर म्हणाली, "तुम्ही त्या आचाऱ्याचं गाव पण विचारलंत."

"त्याशिवाय खरं सांगत नाहीत," मी म्हटलं.

तिने मान डोलावली, जणू ते टिपून घेतलं. तेही मला आवडलं नाही. माझं काम ती आता शिकून घेणार, असं मनात आलं.

मग शुक्रवार. हे घरी, राणी अजून झोपलेली. मी नेमाप्रमाणे पोथीवर बसलेली. मामंजींचा फोन आला तो नुपूरच्या मोबाईलवर. ती डायनिंग टेबलाशी होती, तिने स्पीकर लावला. आवाज कमी केला, पण हॉल केवढासा, मला सगळं ऐकू येत होतं.

"नुपूर, वकील इथे बसलाय," मामंजी म्हणाले. "ठराव, मुखत्यारपत्र, दोन्ही नव्याने करतोय. दुपारच्या गाडीने तो मुंबईला आणि तिथून दिल्लीला निघतोय. मजकूर तोच ना? तुझंच नाव."

"नाही, मामंजी," नुपूर म्हणाली. "शोभाताईंचं नाव घाला."

माझं बोट ओळीवर थांबलं.

"का गं? एका चुकीने घाबरलीस?"

"घाबरले नाही. माझा व्हिसा तेवढ्यात संपतोय, ताई इथे राहतात, हे एक झालं. पण ते सोडा. इथे यंत्र बंद पडलं की फोन कुणाला येतो माहीत आहे तुम्हाला? ना दादांना, ना हमीदभाईंना. मी आल्यापासून बघतेय. आचारी, मेसवाले, सगळे ताईंना. आपण पहिल्यांदाच चुकीचं नाव घातलं होतं, मामंजी. शिक्का नंतर बिघडला."

हे वर्तमानपत्र खाली करून ऐकत होते. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. माझ्या छातीत जे झालं त्याला आनंद म्हणावं तर तो नव्हता. जे मी इतके महिने देवाला मागत होते ते ही मुलगी ताटातल्या चटणीसारखं मला वाढत होती. मोठेपणासुद्धा माझ्याआधी करून बसली. आता मला नाव मिळालं तरी ते तिने दिलेलं. नको म्हणावं, असं एकदा मनात आलं. घाला तिचंच, मला तुमची भीक नको.

"बरं," मामंजी ओढत म्हणाले. "पण तिला जमेल का? तिला विचार तरी."

नुपूरने माझ्याकडे वळून पाहिलं. "ताई पोथीवर आहेत."

"किती वेळ?"

"आत्ताच बसल्यात."

"मग कसं व्हायचं? वकिलाची गाडी आहे. राहू दे, तुझंच घालतो. व्हिसाचं नंतर बघू. ती काही नाही म्हणणार नाही, तिला कशाचंच काही नसतं."

नुपूर अजून माझ्याकडे बघत होती. भुवया वर, प्रश्न विचारल्यासारख्या. मी नुसती मान हलवली असती तरी तिने ती तिकडे पोचवली असती. त्या सोमवारी मी तशीच मान हलवली होती. पण मान हलवलेली मामंजींना दिसली नसती.

"माझं नाव घाला, मामंजी."

आवाज माझाच होता. पण तो इतका मोठा निघाला की निरांजनाची ज्योत हलली असं मला वाटलं, आणि आतल्या खोलीतून राणी केस विस्कटलेली बाहेर आली. "मम्मा? काय झालं?"

फोनमध्ये खुर्ची करकरली.

"कोण बोललं?" मामंजींनी विचारलं.

"शोभा," हे म्हणाले. त्यांचं वर्तमानपत्र जमिनीवर पडलं होतं.

"शोभा? अगं, केवढ्याने! मी बहिरा नाही." आणि मग, तिकडे कुणाला तरी, "लिहा हो वकील. सौभाग्यवती शोभा संजीव. पासपोर्टवर असेल तसंच लिहा."

फोन बंद झाला. नुपूर हसत माझ्याकडे आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्यासाठी आलेलं, आणि तेही मला खुपलं. मग एकदम तिने तोंडावर हात ठेवला.

"ताई! तुमची पोथी. मौन मोडलं ना?"

मी मान खाली घातली. इतक्या वर्षांच्या नेमात माझं मौन कधी मोडलं नव्हतं. मधल्या काळात घरात राणी पडली होती, दूध उतू गेलं होतं, एकदा यांच्या प्लँटवरून अपघाताची खबर आली होती आणि मी हाताने खुणा करून भागवलं होतं. त्या सोमवारी तर हातही हलवला नव्हता.

"माझ्यामुळे," नुपूर म्हणाली. "मी फोन आत घेऊन जायला हवा होता."

हे उठले, माझ्यासाठी पाणी आणायला गेले. आजवर कधी गेले नव्हते. राणी डोळे चोळत सोफ्यावर बसली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू शेजारच्या घरातली कुणी बाई आज आपल्याकडे आली आहे.

नुपूरने ओढणी डोक्यावरून घेतली आणि माझ्याजवळ पाटाच्या कडेला बसली, अगदी त्या दिवशी बसली होती तिथेच. तबकात कुंकवाची वाटी होती, कोरडी. तिने ती बोटाने जराशी लांब सरकवली.

"आता नवे कागद येतील," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हा मात्र आधी सांगा हं ताई, बोट कुठे लावायचं नाही ते."

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. काही दिसतंय का म्हणून नीट पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती.

मी पोथीची पानं मागे उलटली, अध्यायाच्या पहिल्या ओवीवर बोट ठेवलं आणि वाचायला सुरुवात केली. एकदा सुरुवात केल्यावर मला बोलता येत नाही.